एका हाडकुळ्या विशेषणाची कैफियत

मानवी शरीरात सर्वांत टिकाऊ, सर्वांत इमानी आणि सर्वांत अबोल असा घटक कोणता, असा प्रश्न कोणी उपस्थित केला, तर जीभ, हृदय आणि पोट हे तिन्ही नामांकित उमेदवार प्रथमदर्शनीच नालायक ठरून निवड हाडांवर येऊन थांबेल, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. हाडे जन्मभर आपला भार वाहतात, त्याबद्दल कधी अर्ज करीत नाहीत, बढती मागत नाहीत, आणि धनी मातीआड झाल्यावरही पुष्कळ काळ आपल्या जागी हजर राहतात. इतकी निष्ठेची चाकरी बजावणाऱ्या या मंडळींच्या नावावरून एखाद्या भाषेने विशेषण घडवावे आणि ते मुख्यत्वेकरून कुचेष्टेच्या कामी राबवावे, हे न्यायाला धरून नाही. परंतु इंग्रजी भाषेने नेमके हेच केले आहे. 'बोन' म्हणजे हाड, आणि त्यापासून सिद्ध झालेले विशेषण 'बोनी'. सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाकडून जी रोकड हाती पडते त्या बोहनीशी याचा संबंध नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण त्या बोहनीने दुकानदाराचा चेहरा खुलतो, आणि या बोनीने ज्याला ते लावले जाईल त्याचा उतरतो.

कोणताही बरा इंग्रजी कोश उघडला, की या विशेषणाचे अर्थ साधारणपणे चार कलमांत मांडलेले आढळतात. जे हाडाचे बनलेले ते बोनी. जे हाडासारखे कठीण तेही बोनी. ज्यात हाडे फार तेही बोनी. आणि ज्याची हाडे कातडीखालून वर डोकावतात तोही बोनीच. यांपैकी पहिली दोन कलमे शास्त्रज्ञांच्या वाटणीला आली आहेत, तिसरे जेवणाऱ्यांच्या, आणि चौथे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. हे सगळे हक्कदार एकाच मिळकतीवर आपापला कब्जा सांगतात, आणि एकाने आणलेला दाखला दुसऱ्याच्या कचेरीत मंजूर होत नाही, हीच खरी मौज. सर्वांचे जबाब शांतपणे तपासले असता माझे तर असे मत झाले आहे, की हे विशेषण वस्तूच्या हाडांविषयी फारच थोडे सांगते, आणि ते उच्चारणाऱ्याची भूक, धंदा व मतलब यांविषयी मात्र पुष्कळ सांगून जाते.

प्रथम गणिताची बाजू पाहू. इंग्रजी व्याकरणाने या विशेषणाला तरतमभाव बहाल केला आहे. बोनी, बोनियर, बोनियेस्ट, अशा तीन पायऱ्या त्यास आहेत. आता प्रौढ माणसाच्या अंगी हाडे असतात २०६. ती राजाच्या अंगी तितकीच आणि रंकाच्या अंगी तितकीच. कुस्तीच्या फडात चीतपट झालेल्या पैलवानाच्या अंगी जितकी, तितकीच ती फडाच्या कडेला उभे राहून त्याला डाव शिकविणाऱ्या काडीपैलवानाच्या अंगी. सर्वांच्या खाती एकच आकडा जमा असताना अमका तमक्यापेक्षा अधिक बोनी, हा निवाडा व्हावा कसा? आकड्यालाच प्रमाण मानायचे झाले, तर तमभावाचा हा बहुमान पाळण्यातल्या तान्ह्या बाळाला द्यावा लागेल. कारण जन्मतः मुलाच्या शरीरात हाडांचे सुटे भाग पावणेतीनशे ते तीनशेच्या घरात असतात, आणि पुढे वाढत्या वयाबरोबर त्यांतील कित्येक एकमेकांत सांधून जाऊन आकडा २०६ वर स्थिरावतो. म्हणजे हाडांच्या संख्येने जगात सर्वांत संपन्न असलेली ही व्यक्ती, आणि तिच्या मनगटाला दोऱ्याने आवळल्यासारख्या वळ्या पडलेल्या पाहून तिला बोनी म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही.

उलट, इंग्रज मनुष्य अशा बाळाला पाहून जे विशेषण वापरतो ते 'बॉनी'. उच्चारात ओकार जाऊन ऑकार आला, लेखनात एक 'एन' जादा पडला, आणि अर्थ पार पूर्वेकडून पश्चिमेला गेला. बॉनी हा शब्द विशेषेकरून स्कॉटलंडच्या बाजूचा. त्याचा अर्थ गोजिरवाणा, देखणा, तजेलदार. हाडांशी त्याचे काडीइतकेही नाते नाही. परंतु परक्या मुलखात इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी ही दोन विशेषणे शेजारीशेजारी ठेवण्यात त्या भाषेने जो खट्याळपणा केला आहे, त्याचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात याचा अंदाज बांधणे कठीण नाही. साहेबाच्या बंगल्यावर पाळणा हलला म्हणून अभिनंदनाचे पत्र पाठवू पाहणारा एखादा हौशी शिरस्तेदार एक 'एन' खर्च करण्याची कंजुषी करता, तर त्याच्या पुढील नेमणुकीचे ठिकाण गॅझेटात शोधण्यास भिंगाची आवश्यकता पडली असती.

या कुटुंबात तिसरा एक तोतया आहे, आणि तो इतिहासप्रसिद्ध आहे. नेपोलियन बोनापार्टच्या आडनावाची काटछाट करून इंग्रजांनी त्याला 'बोनी' असे नाव ठेवले होते. जेम्स गिलरे नावाच्या व्यंगचित्रकाराने 'लिटल बोनी' म्हणून त्याची इतकी चित्रे काढली, की अवघ्या युरोपाला धाक घालणारा हा सेनापती इंग्रजांच्या मनात बुटबैंगण म्हणूनच कायम झाला. रडणारी पोरे गप्प करण्यासाठी तिकडच्या दाया 'बोनी येईल हं' असा धाक घालीत, आणि बागुलबुवाचे काम एका सम्राटाकडून विनावेतन करवून घेत. या बोनीचाही हाडांशी संबंध नाही. बोनापार्ट हे मूळचे इटालियन आडनाव, आणि त्यातला 'बुओना' म्हणजे चांगला. योगायोग मात्र असा, की तरुणपणी तोफखान्यात असताना हा गृहस्थ खरोखरच अंगाने खंगलेला होता, तेव्हा त्याला या नावाने ओळखणारे कोणी नव्हते. आणि पुढे पोट सुटून अंगरख्याच्या गुंड्या ताणल्या जाऊ लागल्या, तेव्हा सगळा इंग्लंड देश त्याला बोनी म्हणत होता.

हाडांच्या आकड्याची तफावत ही काही एकट्या साहेबाच्या मुलखातली गोष्ट नव्हे. आपल्याकडे चरकाने हाडे ३६० सांगितली, तर सुश्रुताने, वेदवादी मंडळी ३६० म्हणतात खरी, पण शल्यतंत्राच्या हिशेबी ती ३०० च भरतात, असा निर्वाळा दिला. नुसता निर्वाळा देऊन तो थांबला नाही. हातापायांची १२०, धडाची ११७ आणि मानेच्या वरची ६३, असा तपशील देऊन त्याने बेरीजही जुळवून दाखविली. दात, आणि आज ज्यांना आपण कूर्चा म्हणतो ते नाकाकानाचे मऊ भाग, ही मंडळीही त्याने हाडांच्या पटावर घेतली होती. चरकाने तर नखांनाही सामील करून घेतले होते. १९०७ साली रूडोल्फ हर्नले या पंडिताने या प्राचीन अस्थिगणनेवर एक अख्खा ग्रंथच ऑक्सफर्डहून प्रसिद्ध करून या सर्व रकमांची रुजवात घातली. मला या प्रकरणात विशेष आवडते ती सुश्रुताची वर्गवारी. हाडांचे त्याने पाच प्रकार केले, कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. आणि त्यांतील 'तरुण' हा प्रकार नाक, कान व गळा यांच्या ठिकाणी सांगितला. माणूस कितीही म्हातारा झाला तरी कान टवकारणे, गळा काढणे आणि भलत्या ठिकाणी नाक खुपसणे या त्याच्या हौसा का म्हाताऱ्या होत नाहीत, याची उपपत्ती इतक्या प्राचीन काळी लागून गेली होती, हे पाहून अभिमान वाटतो.

आता चौथ्या कलमाकडे, म्हणजे माणसाच्या अंगकाठीकडे, वळले पाहिजे. एखाद्याला बोनी म्हणताना इंग्रज मनुष्य त्याच्या हाडांचा उल्लेख करतो हे खरे, परंतु त्याला म्हणायचे असते ते एवढेच, की हाडांवर जे असायला हवे होते ते येथे आढळत नाही. गैरहजर मांसाचा ठपका हजर हाडांवर ठेवण्याचा हा प्रकार आहे. इंग्रजी कादंबरीकारांनी तर हे विशेषण दुष्ट माणसांच्या नावे जवळजवळ इनामच लिहून दिले आहे. कारस्थानी कारकून, कंजूष सावकार, प्रौढ कुमारिका आणि प्रेतवाहू गाड्यांचे मालक यांच्या बोटांना ते हटकून चिकटते. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' मधील उरिया हीप हा या वर्गाचा शिरोमणी; त्याचे हाडकुळे, थंडगार हात वाचकाला त्याच्या कारस्थानांच्या कितीतरी आधी भेटतात. लठ्ठ माणसाने दुष्टपणा केला तर कादंबरीकाराला त्याची कारणे द्यावी लागतात. सडसडीत माणसाच्या बाबतीत मनगटाचे हाड दाखविले, की पुरावा पुरा होतो.

मराठीने हा प्रांत एकाच विशेषणाच्या हवाली केलेला नाही. शेलाटा, सडपातळ, शिडशिडीत, काटक, किडकिडीत, काटकुळा, लुकडा, हाडकुळा, आणि सरतेशेवटी पाप्याचे पितर, अशी ही उतरती भांजणी आहे. आणि कोणत्या पायरीवर कोणाला उभे करायचे हे त्याच्या वजनावरून ठरत नसून बोलणाऱ्याच्या प्रयोजनावरून ठरते. एकाच उपवर मुलीचे उदाहरण घ्या. मध्यस्थ प्रथम स्थळ सुचवितो तेव्हा ती शेलाटी असते. पत्रिका जुळून दाखविण्याचा कार्यक्रम होईपर्यंत ती सडपातळ असते. मानपानाच्या यादीवरून दोन्हीकडचे आवाज चढले, की त्याच सायंकाळी वराची आत्या ती हाडकुळी असल्याचा शोध लावते. पुढे वडीलधाऱ्यांच्या रदबदलीने यादीवर सह्या झाल्या, की दुसऱ्या दिवशी तीच आत्या मुलगी अंगाने काटक आहे, संसाराला अशीच हवी, असे सर्वांना सांगत सुटते. या सगळ्या अवधीत त्या मुलीच्या वजनात गुंजभरही फरक पडलेला नसतो.

आणि लग्नानंतर ती पहिल्या दिवाळसणासाठी माहेरी येते, तेव्हा उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकीत असताना तिची आई जे उद्गार काढते, ते तर हाडांच्या वाङ्मयात अमर व्हावेत अशा योग्यतेचे असतात. "अगं बाई, नुसती हाडं उरलीत गं पोरीची!" हे वाक्य ज्याला शरीराचे वर्णन वाटेल त्याला मराठी कुटुंबसंस्था समजली नाही, असे खुशाल समजावे. ही सासरविरुद्ध गुदरलेली फिर्याद असते. प्रतिवादी जावई त्याच वेळी मागच्या पायरीवर उभा असतो, आणि त्याच्या देखत, त्याच्याच स्वागतासाठी तळलेल्या चकल्यांच्या साक्षीने, हा दावा दाखल होतो. मुलगी सहा महिन्यांत चार शेरांनी भरली असली तरी वाक्यात बदल होत नाही. कारण आईच्या नजरेला हाडे दिसण्यासाठी ती वर आलेली असण्याची अट नाही.

आता तिसरे कलम, म्हणजे ज्यात हाडे फार ते बोनी. या कलमाचा खरा मुलूख म्हणजे जेवणाचे ताट, आणि त्यातही माशाचे. माशाच्या अंगातल्या हाडांना मराठी माणूस हाडे म्हणत नाही, ते काटे. आमच्या कोकणपट्टीत कर्ली नावाचा एक लांबट, रुपेरी मासा मिळतो. त्याच्या चवीची स्तुती करणारे आणि त्याच्या काट्यांना शिव्या देणारे लोक वेगवेगळे नसतात, एकच माणूस एकाच घासाला दोन्ही गोष्टी करतो. हे काटे कण्याला जोडलेले असते तर कणा ओढला की सगळे निघून आले असते. पण कर्ली आणि पाला अशांसारख्या माशांच्या मांसात बारीक, फाटे फुटलेली, मूळ सांगाड्याशी सांधा नसलेली सुटी हाडे रुतलेली असतात, आणि वरिष्ठांच्या बदलीबरोबर ती बदलून जात नाहीत. पापलेट आणि सुरमई यांच्या अंगी हा सुटा अंमल नसतो. म्हणून पाहुण्यांना व लहान मुलांना पापलेट, आणि घरच्या जाणत्यांना कर्ली, असा शिरस्ता पडला आहे.

तेव्हा इंग्रजीत बोनी फिश कोणता, असे स्वयंपाकघरात विचारले तर उत्तर येईल, कर्ली. आणि बोनी नसलेला कोणता, तर पापलेट. हाच प्रश्न घेऊन प्राणिशास्त्राच्या अध्यापकांकडे गेले असता ते चष्मा पुसून सांगतील, की पापलेट हा शंभर नंबरी बोनी फिश आहे. कारण शास्त्राच्या दृष्टीने ज्याचा सांगाडा हाडांचा तो बोनी, आणि ज्याचा कूर्चेचा तो दुसरा. या हिशेबाने कर्ली बोनी, पापलेट बोनी, आणि ज्याच्या अंगात हाड म्हणून दाताला लागेल असे काही नाही, तव्यावर टाकल्याबरोबर जो स्वतःच विरघळू पाहतो, तो बोंबीलसुद्धा बोनीच. बोनी नाहीत ते मुशी आणि पाकट. मालवणकडे जिला मोरी म्हणतात ती मुशी, म्हणजे शार्कच्या जातीची. समुद्रातला सर्वांत दांडगा, ज्याच्या नुसत्या नावाने पोहणारे किनारा गाठतात, त्याच्या अंगी अस्सल हाडाचा सांगाडाच नाही, आणि पिठात घोळून तळलेला बोंबील मात्र शास्त्राच्या दप्तरी अस्थिमत्स्य म्हणून दाखल आहे. अशा बोनी माशांच्या सुमारे ३० हजार जाती जगात आहेत.

अलीकडच्या प्राणिशास्त्रज्ञांनी वंशावळी अधिक बारकाईने तपासून आणखी एक गोष्ट उघडकीस आणली आहे, ती अशी, की पाण्यातून जमिनीवर आलेले सर्व चतुष्पाद प्राणी या बोनी माशांच्याच एका शाखेचे वंशज असल्यामुळे, कुळाचा काटेकोर विचार करता, माणूस हाही एक बोनी फिशच ठरतो. म्हणजे पाटावर बसलेला आणि ताटात वाढलेला हे दोघे एकाच घराण्यातले. या शोधाने भाऊबंदकीची परंपरा आपल्याकडे समजतो त्याहून फार जुनी ठरते, आणि भावाने भावाला खाल्ल्याचे इतके जुने दाखले उपलब्ध असताना बांधावरचे दावे दिवाणी न्यायालयात का तुंबतात याचे आश्चर्य वाटेनासे होते.

माशांच्याच राज्यात 'बोनी टंग', म्हणजे अस्थिजिव्ह, असाही एक गण आहे. या माशांच्या जिभेत हाड असते व त्यावर दातही असतात. ॲमेझॉन नदीत राहणारा अरापैमा नावाचा महाकाय मासा या गणातला. त्याची जीभ इतकी खरखरीत आणि कठीण, की तिकडचे लोक ती वाळवून किसणीसारखी वापरतात. बंगाल्यांचा लाडका चितल मासाही याच गणातला. मराठी माणसाने या वर्गाकडे विशेष आदराने पाहावे, अशी माझी शिफारस आहे. "जिभेला काही हाड?" हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या, विशेषतः थोरल्या जावेकडून धाकट्या जावेला, विचारला जात असून त्याला होकारार्थी उत्तर देण्याची पात्रता या माशांच्या अंगी आहे, आणि नेमके तेच मुके निघावेत, यात काही गर्भितार्थ असल्यास तो ज्याचा त्याने काढावा.

जिभेच्या बाबतीत हाड नसणे हा दोष मानला, यावरूनच मराठीचा हाडांविषयीचा दृष्टिकोन इंग्रजीहून किती उदार आहे हे दिसून येते. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी, हाडाचा कलावंत, असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या बरगड्या मोजलेल्या नसतात. त्याचे गुण कातडीवर नसून खोल आत आहेत, इतकेच सुचवायचे असते. सवय जडली की ती हाडीमाशी खिळते, वैर जडले की ते हाडवैर होते, आणि बैलाच्या बाजारात दलाल बैलाच्या पाठीवर थाप मारून सांगतो की जनावर हाडापेराने मजबूत आहे; गिऱ्हाइकाला त्याच पाठीवर जी हाडे वर आलेली दिसतात, ती दलालाच्या मते मजबुतीचीच खूण असते. हाडाचा शिक्षक याचे इंग्रजीत शब्दशः रूपांतर करून एखाद्या उत्साही चिटणिसाने निवृत्त हेडमास्तरांच्या मानपत्रात 'बोनी टीचर' असे छापले, तर मास्तरांचा शेवटचा पगार किती होता याविषयी सभेची सहानुभूती तेवढी वाढेल.

मराठीनेही एका प्राण्याशी मात्र या बाबतीत उघड उघड दगलबाजी केली आहे, हे निःपक्षपातीपणाने नमूद केले पाहिजे. ज्या प्राण्याच्या दृष्टीने हाड ही त्रिभुवनातील परमप्राप्तीची वस्तू, त्या कुत्र्याला दारातून हाकलताना आपण नेमके "हाड! हाड!" असे ओरडतो. तोंडाने मेजवानीचे नाव घ्यायचे आणि हाताने दगड उचलायचा, या अनुभवातून पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्या आमच्याकडच्या कुत्र्यांनी मराठी भाषेच्या अर्थवाहकतेविषयी काय मत बनविले असेल, ते त्यांच्या रात्रीच्या वक्तव्यांवरून कळते. शुद्ध संस्कृताचा आश्रय करून त्यांना "अस्थि! अस्थि!" म्हणावे, तर तेही सोयीचे नाही, कारण मराठीत अस्थी हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याचे मन थेट नाशिकच्या रामकुंडावर जाते. जिवंतपणी हाडे आणि निवर्तल्यावर अस्थी, असा दर्जा आपण ठरवून ठेवला आहे. माणसाला एवढी बढती मिळण्यासाठी मरावे लागते.

इंग्रजीतही अशी प्रतिष्ठित नावे आहेत. लॅटिनमधून आलेले 'ऑसिअस' आणि ग्रीकच्या वाटेने आलेले 'स्केलेटल' ही दोन्ही विशेषणे हाडांचीच, पण त्यांना कोटटाय चढविलेला. 'ऑसिअस' च्याच गोतातला 'ऑसिफिकेशन' हा शब्द आमच्या न्यायालयांत चांगला रुळला आहे. हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचे हाड कितपत बनले व ती टोके कितपत सांधली, हे पाहून डॉक्टर माणसाच्या वयाचा अंदाज देतात, आणि तो देताना दोन वर्षे इकडे किंवा तिकडे अशी सूट मागून घेतात. त्याउलट आमच्या मागच्या पिढीतील असंख्य लोकांचा जन्म शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जून या एकाच तारखेला झालेला आहे. कारण नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटे. हाडे शपथेवर बोलतानाही चाचरतात, आणि गुरुजींचे रजिस्टर मात्र दिवसाचीही सूट मागत नाही. तेव्हा न्यायासनाने दाखल्याकडे आधी पाहावे आणि हाडांकडे मागाहून, यात नवल ते काय?

पहिल्या कलमाप्रमाणे, म्हणजे हाडाचे बनलेले या अर्थी, हे विशेषण कोणाला लागावे याचाही विचार केला पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात स्टोक गावच्या जोसाया स्पोडने जी चिनीमातीची भांडी नावारूपाला आणली, त्यांत गुरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी असते, आणि म्हणून त्यांना बोन चायना म्हणतात. हाडाची बनलेली वस्तू म्हणून 'बोनी' हे विशेषण मिरविण्याचा या कपाइतका निर्विवाद अधिकार कोणाचा नाही; तरी त्याला ते कोणी लावीत नाही, त्याला नाजूक म्हणतात. एकादशीला कांदासुद्धा वर्ज्य असलेल्या कित्येक घरांतून तो कप उजेडासमोर धरून त्याच्या अर्धपारदर्शकतेचे कौतुक होते, आणि त्यातून चहा घेता घेता समोरच्या घरच्या सुनेला हाडकुळी ठरविले जाते.

राहता राहिले ते वैद्यकशास्त्र. १८९५ च्या डिसेंबरात वुर्ट्‌सबुर्ग येथे रंटगेन या शास्त्रज्ञाने आपल्या पत्नीचा हात क्ष-किरणांखाली धरून त्याचे छायाचित्र घेतले, आणि बोटातल्या अंगठीसकट तिची हाडे जगापुढे मांडली. त्या दिवसापासून, तत्त्वतः पाहता, कोणीही कोणाला बोनी म्हणून हिणविण्याचा हक्क संपुष्टात यायला हवा होता. कारण क्ष-किरणांपुढे सगळेच सारखे बोनी. डॉक्टरांनी हा समभाव पाळलाही आहे. कानाच्या आतल्या बाजूस जे चक्रव्यूहासारखे हाड आहे त्याला ते बोनी लॅबिरिंथ म्हणतात, आणि तसे म्हणताना ज्याचा कान आहे तो लठ्ठ आहे की लुकडा, याची पृच्छा करीत नाहीत.

परंतु प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडताच या निर्विकार विशेषणालाही माणसांचे मतलब चिकटतात. जिन्यावरून घसरून पडलेल्या एखाद्या गृहस्थाच्या पायाचे छायाचित्र घेतले जाते, आणि अहवालात एक ओळ उमटते: 'नो बोनी इंज्युरी सीन'. हाडाला इजा दिसत नाही. या विशेषणाच्या सबंध कारकीर्दीत इतकी शुभ वार्ता त्याने दुसरीकडे कोठेही आणलेली नाही. डॉक्टर ती वाचून समाधान पावतात. कचेरीतले साहेब तीच ओळ वाचून महिन्याच्या रजेचा अर्ज तीन दिवसांवर आणतात. फळे घेऊन समाचाराला आलेले आप्त प्लॅस्टर न पाहून हिरमुसतात. हाड मोडलेल्या माणसाभोवती बसून आपापल्या मोडलेल्या हाडांच्या हकिकती सांगता येतात, नुसत्या मुक्या माराच्या उशाशी किती वेळ बसणार? स्वतः गृहस्थ, ठणका भरपूर आणि पुरावा शून्य अशा अवस्थेत, शास्त्राने आपल्यावर अविश्वास दाखविला म्हणून मनातून खट्टू असतो. आणि गृहिणी तो अहवाल दोनदा वाचते, नीट घडी घालून कपाटात ठेवते, आणि खुंटीवरची भाजीची पिशवी काढून त्याच्या हाती देते.